नाताळच्या जाहिरातींतील अश्रू : एक अभ्यासपाठ



डिसेंबर महिना उजाडला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांवर कागदी ताऱ्यांचे दिवे लागतात, शंकरपाळ्या व करंज्या तळल्याचा वास गल्लीत दरवळू लागतो, आणि गाणी म्हणत दारोदार फिरणारी मंडळी रात्री उशिरापर्यंत जागी असतात. याच दिवसांत आणखी एक पाहुणा न बोलाविता घरात येतो, तो म्हणजे सणाची जाहिरात. पूर्वी ती केवळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसे. आता वडिलांच्या खिशातील मोबाइलवरही दिसते. ती आपणांस वस्तूची किंमत सांगत नाही, वस्तूचा गुण सांगत नाही. एक लहानशी गोष्ट सांगते, आणि गोष्ट संपता संपता आपले डोळे ओलावतात.

इयत्ता नववीच्या उपयोजित लेखनात जाहिरातलेखन हा एक घटक आहे. यंदा तो शिकविताना आम्ही पाठ्यपुस्तकाच्या चौकटीपुढे थोडे गेलो. आपल्याला रडविणाऱ्या जाहिराती रडवितात कशा, हे पाहावे व नंतर स्वतः एक जाहिरात योजावी, असा बेत केला. या कामात आमच्या हातून एक चूक झाली. त्या चुकीतून जे शिकावयास मिळाले ते इतर वर्गांस व पालकांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा पाठ येथे लिहून काढीत आहे.

१. जाहिरातीने गोष्ट सांगावयास केव्हा आरंभ केला?

आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या दोहोंवर प्रथम जाहिराती नव्हत्या. त्या १ जानेवारी १९७६ पासून दाखविण्यात येऊ लागल्या. रंगीत चित्रे १९८२ साली आली. आरंभीच्या पुष्कळशा जाहिरातींची रीत बाजारातील विक्रेत्यासारखी होती. ‘माझा माल घ्या, तो स्वस्त आहे, तो टिकाऊ आहे,’ असे त्या मोठ्याने सांगत.

पुढे एक निराळी रीत रूढ झाली. कपडे धुण्याच्या सर्फ एक्सेल या पावडरीची २००५ च्या सुमाराची जाहिरात तुमच्या वडील भावंडांस आठवत असेल. लहान बहीण चिखलात पडते व रडू लागते. तिचा भाऊ त्या चिखलालाच गुद्दे मारतो व जणू त्याच्याकडून क्षमा मागवून घेतो. त्याचा सारा गणवेश माखतो. डाग वाईट, हे आजवर प्रत्येक आईने सांगितलेले. या जाहिरातीने डाग चांगले असे म्हटले. का? तर तो डाग भावाच्या मायेने पडला. येथे पावडरीच्या गुणाविषयी जवळजवळ एक अक्षरही नाही. आपणांस त्या मुलाचे कौतुक वाटते, आणि ते कौतुक पावडरीच्या पुड्याला नकळत चिकटते.

नाताळच्या बाबतीत ही रीत इंग्लंडमध्ये फार वाढली. तेथील जॉन लुईस नावाचे मोठे दुकान दरवर्षी नाताळपूर्वी एक जाहिरात प्रसिद्ध करते, आणि नव्या चित्रपटाची वाट पाहावी तशी तेथील लोक तिची वाट पाहतात. ती दुकाने आपल्या मुलखात नाहीत. तरी जाहिराती मात्र आमच्या वर्गातील निम्म्या मुलांनी मोबाइलवर पाहिलेल्या होत्या.

२. रसाचे जुने शास्त्र व नवी जाहिरात

अश्रू कसे येतात याचा विचार आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने केला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रस निर्माण होतो असे सांगितले आहे. हे शब्द अवघड वाटले तरी त्यांचा अर्थ सोपा आहे.

ज्याच्याविषयी भावना उत्पन्न व्हावयाची ते पात्र म्हणजे आलंबन विभाव. ती भावना चेतविणारी भोवतालची परिस्थिती, जसे पाऊस, संध्याकाळ, दुरून येणारे गाणे, म्हणजे उद्दीपन विभाव. मनातील भावना शरीरावर दिसते, ओठ थरथरतात, डोळे भरतात, ते अनुभाव. मधूनच येऊन जाणाऱ्या आशा, शंका, लज्जा, चिंता या लहरी म्हणजे व्यभिचारी भाव. हे सर्व एकत्र आले म्हणजे प्रेक्षकाच्या अंतःकरणात आधीपासून वसत असलेला स्थायीभाव जागा होतो. करुणाचा स्थायीभाव शोक होय.

यातील शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. जाहिरात आपल्या मनात प्रेम घालीत नाही. प्रेम आपले असते. आईवरचे, आजोबांवरचे, दुरावलेल्या मित्रावरचे. जाहिरात त्याला केवळ जागे करते, आणि ते जागे झाल्याबरोबर त्याच्यापुढे आपली वस्तू ठेवते. म्हणून रडविणारी जाहिरात पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा : माझ्या मनातील कोणते प्रेम हिने जागे केले, आणि त्याच्यापुढे काय ठेवले?

३. तीन जाहिरातींचे वाचन

पहिली : जॉन लुईस, २०११. दीड मिनिटाची ही जाहिरात. एक लहान मुलगा नाताळची वाट पाहत आहे. तो बोटे वाजवितो, घड्याळाकडे पाहतो, जेवण घाईघाईने उरकतो, दिवस लवकर जावा म्हणून नाना उपाय करतो. आपण मनात म्हणतो, ‘काय हावरा पोर! याला भेटी हव्या आहेत.’ नाताळची सकाळ होते. मुलगा उठतो, पायाशी ठेवलेल्या स्वतःच्या भेटींकडे तो पाहतही नाही. कपाटातून ओबडधोबड गुंडाळलेले एक खोके काढतो व आईवडिलांच्या खोलीत घेऊन जातो. त्याला घेण्याची नव्हे, देण्याची घाई झाली होती.

येथे सारी करामत कलाटणीत आहे. आपण मुलाविषयी चुकीचा ग्रह करून घेतला होता. तो चुकीचा ठरताच आपणांस थोडी लाज वाटते व पुष्कळ आनंद होतो. त्या लाजेमुळेच डोळे भरतात. आणि वस्तू? खोक्यात काय आहे हे अखेरपर्यंत दाखविलेलेच नाही. दुकानदाराने आपला माल झाकून ठेवला, व म्हणूनच प्रत्येकाने त्या खोक्यात आपल्या मनातील भेट घातली.

दुसरी : गूगल, २०१३. ही नाताळाची नव्हे, परंतु आपल्या देशातील आहे व सणाच्या जाहिरातींच्याच कुळातील आहे. ऑगिल्व्ही या संस्थेने ती तयार केली व अमित शर्मा यांनी दिग्दर्शित केली. दिल्लीतील वृद्ध बलदेव आपल्या नातीस लाहोरमधील बालपण सांगतात : दगडी वेशीजवळची बाग, पतंग, आणि मित्र यूसुफ याच्या घरच्या दुकानातून चोरून खाल्लेली झजरिया नावाची मिठाई. १९४७ च्या फाळणीने दोघे दुरावले. नात गूगलवर शोध घेऊन ते दुकान हुडकते, यूसुफांस दूरध्वनी करते, आणि एके दिवशी यूसुफ बलदेवांच्या दारात उभे राहतात.

येथे मिठाईचे महत्त्व पाहा. आठवण ही डोळ्यांना दिसत नाही. तिला एखादा पदार्थ लागतो, वास लागतो, चव लागते. आपल्याकडील माणूस परगावी गेला तर त्याला कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा एकदम गावाकडे आणून सोडतो, तसेच हे. आणखी एक गोष्ट पाहा : येथे वस्तू कथेच्या आत काम करते. शोध घेतल्यावाचून मित्र सापडलाच नसता. तथापि जाहिरातीने काय वगळले तेही पाहावे. परवान्याची चौकशी पडद्यावर क्षणार्धात उरकते. प्रत्यक्षात या दोन देशांमधील सरहद्द ओलांडण्याची परवानगी सामान्य वृद्धास मिळणे किती कठीण आहे, हे ज्यांचे आप्त पलीकडे आहेत त्यांस विचारावे.

तिसरी : सेन्सबरीज, २०१४. इंग्लंडमधील या दुकानाने माजी सैनिकांस साहाय्य करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजन या संस्थेच्या सहकार्याने तीन मिनिटांहून मोठी जाहिरात काढली. पहिल्या महायुद्धातील १९१४ चा नाताळ. समोरासमोरच्या खंदकांतून इंग्रज व जर्मन सैनिक एकच नाताळगीत गाऊ लागतात, शस्त्रे खाली ठेवून मधल्या ओसाड पट्ट्यात येतात, हात मिळवितात, चेंडू खेळतात. परतताना जर्मन सैनिकास आपल्या खिशात इंग्रज मित्राने गुपचूप ठेवलेले चॉकलेट सापडते. तेच चॉकलेट दुकानात एक पौंडास विक्रीस ठेविले होते, व त्याचा नफा त्या संस्थेस देण्यात आला.

हा युद्धविराम काल्पनिक नाही. पश्चिम आघाडीवर अनेक ठिकाणी, परंतु सर्वत्र नव्हे, तो खरोखर घडला. आपल्या देशातील गढवाल रायफल्सचे सैनिकही त्या दिवशी जर्मनांस मधल्या पट्ट्यात भेटले होते. मात्र युद्ध थांबले नाही. ते नोव्हेंबर १९१८ पर्यंत चालले व लक्षावधी माणसे मेली. म्हणून ही जाहिरात पाहून इंग्लंडमध्ये दोन पक्ष पडले. एक म्हणे, किती सुंदर! दुसरा म्हणे, मेलेल्या सैनिकांच्या आठवणीवर दुकान चालवावे काय? शेकडो लोकांनी तक्रारी केल्या.

आमच्या वर्गातही असेच दोन पक्ष झाले. एक मुलगा म्हणाला, “पैसे सैनिकांच्याच संस्थेला गेले ना? मग काय बिघडले?” दुसरीने उत्तर दिले, “चॉकलेटचे पैसे गेले. पण चॉकलेट घ्यायला आलेला माणूस बाकीचा किराणाही तिथेच घेईल, त्याचे पैसे कुठे गेले?” दोघांचेही म्हणणे मी फळ्यावर लिहिले, आणि निकाल दिला नाही.

४. परीक्षेचे चार प्रश्न

या वाचनातून आम्ही चार प्रश्न निवडले. कोणतीही भावुक जाहिरात या चार प्रश्नांवर घासून पाहावी.

पहिला : कलाटणी कोठे आहे, आणि तिच्या आधी आपला कोणता ग्रह करून दिला होता?

दुसरा : वस्तू कथेच्या आत आहे की कथेच्या शेवटी चिकटविली आहे? ती काढून टाकली तर कथा तशीच उरते काय? तशीच उरत असेल, तर आपल्या अश्रूंचा त्या वस्तूशी काही संबंध नाही असे समजावे.

तिसरा : काय वगळले आहे?

चौथा : हे दुःख कोणाचे आहे, आणि त्याला विचारले होते काय?

खरे सांगावयाचे तर चौथा प्रश्न आरंभी आमच्या यादीत नव्हता. तो कसा आला ते आता सांगतो.

५. आमचा पहिला आराखडा, व त्यातील चूक

मी वर्गाचे गट पाडले व साठ सेकंदांची नाताळची जाहिरात योजावयास सांगितले. एका गटाने आपल्या जिल्ह्यातीलच विषय निवडला. दसरा-दिवाळी उरकली की आपल्या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. फडाजवळ पाचटाची कोपी घालून ती राहतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले पुष्कळदा आजीआजोबांजवळ अथवा हंगामी वसतिगृहात राहून शाळा करतात. म्हणजे नाताळच्या दिवसांत आमच्या वर्गातील काही बाकांवर अशी मुले बसलेली असतात, की ज्यांचे आईवडील शेकडो मैल दूर आहेत.

गटाने योजलेली जाहिरात एका काल्पनिक मिठाईच्या दुकानाची होती. मुलगी वेशीवर उभी राहून रस्त्याकडे पाहते. तिकडे फडात आई डोळे पुसते. कोणीतरी खोके आणून देतो, आई ते उघडते, आत पेढे, बासरी वाजते, आई ढसढसा रडते, दुकानाचे नाव येते. गटाने असेही ठरविले की मुलीचे काम आपल्याच वर्गातील एका मुलीने करावे, कारण तिचे आईवडील खरोखरच तोडीवर गेले आहेत, म्हणजे अभिनय अगदी खरा वाटेल.

मी तो आराखडा वाचला व वहीवर ‘उत्तम’ असा शेरा लिहिला. आलंबन होते, उद्दीपन होते, अनुभाव तर पुष्कळच होते. त्या मुलीला काय वाटले हे मी विचारले नाही. ती काही बोलली नाही, आणि तिचे न बोलणे म्हणजे होकार असे आम्ही सर्वांनी धरले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिने जे सांगितले ते तिच्या परवानगीने येथे देतो. नाव व गाव देत नाही.

“सर, माझी माय फोनवर रडत नाही,” ती म्हणाली. “ती दमलेली असती. फोन लागला की आधी विचारती, शेळीला पाला टाकलास का गं. मग विचारती, जेवलीस का. मग रेंज जाती.”

मी म्हणालो, “बाळ, ती नुसती गोष्ट आहे.”

ती म्हणाली, “गोष्ट आहे, पण तोंड माझं दिसणार. लोक पेढे घेतील, आणि मला बघितलं की ‘ती बघा रडणारी’ म्हणतील. आणि मायला उचल फिटल्याशिवाय पेढे कोण घेऊन देतंय?”

मित्रहो, वीसेक वर्षे मी भाषा शिकवीत आहे. करुणरसाची व्याख्या मला पाठ आहे. परंतु करुणेचा विषय झालेले मूल माझ्यासमोर बाकावर बसलेले असताना त्याच्याकडे न पाहता मी आराखड्याकडे पाहत होतो. गटातील मुलांची चूक लहान होती. शेरा लिहिणाऱ्याची मोठी. मी वर्गात जाऊन तसे सांगितले, वहीवरील ‘उत्तम’ खोडले, आणि फळ्यावर चौथा प्रश्न लिहिला.

६. दुसरा आराखडा

मग आम्ही पुन्हा आरंभ केला. प्रथम वस्तू ठरविली, कारण जाहिरात कशाची हेच ठाऊक नसेल तर ती खरी होणे शक्य नाही. मुलांनी पेढ्याचे दुकान सोडून दिले व आपल्या शाळेतच खरोखर होणारी एक गोष्ट निवडली : २४ डिसेंबरच्या संध्याकाळची पंगत, जिला ज्यांचे आईवडील दूर आहेत अशा मुलांनी आपल्या आजीआजोबांसह यावे. जे देता येते तेवढ्याचेच वचन द्यावयाचे, हा नियम ठरला.

नंतर त्या मुलीस विचारले : फोनवरील बोलणे आम्ही वापरावे काय? ती म्हणाली, वापरा, पण मुलगा दाखवा, आणि गाव कोणतेही असू द्या. तिने स्वतः अभिनय केला नाही. आवाजाची व संवादांची जबाबदारी मात्र आपण होऊन घेतली.

साठ सेकंदांच्या प्रत्येकी पाच सेकंद याप्रमाणे बारा चौकटी केल्या. त्या अशा :

१. पहाट. अंगणात बांधलेली शेळी. गळ्यातील घंटीचा आवाज.
२. आठ-नऊ वर्षांचा मुलगा शेळीपुढे पाला टाकतो. मागे आजी चूल पेटविते.
३. शाळा. मुले कागदाचे तारे कापीत आहेत. मुलगाही कापतो.
४. घराची भिंत. दिनदर्शिकेवर मुलगा एक दिवस खोडतो. पुढे पुष्कळ पाने शिल्लक आहेत.
५. संध्याकाळ. मुलगा फोन घेऊन ओट्यावर चढतो, रेंज शोधतो.
६. फोन लागतो. पलीकडचे माणूस दिसत नाही. केवळ कोयत्याचा आवाज ऐकू येतो, मग थांबतो.
७. आईचा आवाज : “शेळीला पाला टाकलास का रं?”
८. मुलगा : “टाकला.”
९. आईचा आवाज : “आन् जेवलास का?” फोन तुटतो. मुलाचे उत्तर राहून जाते.
१०. अंधारी वाट. आजी व मुलगा विजेरीच्या उजेडात चालले आहेत. दूर शाळेच्या दारावर तारा लागला आहे.
११. पंगत. आजीच्या पानावर कोणीतरी गरम भाकरी वाढतो.
१२. फोन पुन्हा वाजतो. मुलगा घास तोंडात असतानाच उत्तर देतो : “जेवतोय.” अक्षरे उमटतात : २४ डिसेंबर, सायंकाळी सात. पाने मांडली आहेत. या.

आता ही योजना आमच्या प्रश्नांवर घासून पाहू. कलाटणी कोठे आहे? बाराव्या चौकटीत. नवव्या चौकटीत राहून गेलेले उत्तर तेथे मिळते. आधीचा ग्रह असा की आईने शेळीची चौकशी केली, मुलाची नाही. पुढच्याच प्रश्नाने तो खोटा ठरतो. वस्तू कथेच्या आत आहे काय? आहे, पंगत काढून टाकली तर मुलाला ‘जेवतोय’ असे म्हणता येणार नाही, व गोष्ट अपुरी राहील. दुःख कोणाचे, व विचारले होते काय? होय, विचारले होते.

‘काय वगळले आहे’ या प्रश्नावर सर्वांत अधिक वाद झाला. एका मुलाची फार इच्छा होती की अकराव्या चौकटीत आई अचानक दारात उभी राहावी. पाहणाऱ्यांस नक्की रडू येईल, असे तो म्हणे. आणि ते खरेही होते. परंतु ऊसतोडीचा हंगाम नाताळला संपत नाही, हे वर्गातील प्रत्येकास ठाऊक होते. जी आई येणार नाही तिला पडद्यावर आणली, तर ज्या घरात ती येत नाही त्या घरातील मुलाने ही जाहिरात कशी पाहावी? ती चौकट आम्ही घेतली नाही. बासरीही काढून टाकली. घंटी, कोयता व फोनची घंटा एवढेच आवाज ठेविले. जेथे प्रसंग खरा असतो तेथे उद्दीपन थोडे पुरते, हा यातील धडा होय.

आणखी एक सूचना. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खान यांचा चेहरा व आवाज यंत्रबुद्धीने असा घडविला की लहानसहान दुकानदारांस आपल्या दुकानाचे नाव त्यांच्या तोंडून वदवून घेता येत असे. तेथे त्या नटाची संमती होती. आज अशी साधने तुमच्याही हाती आली आहेत, व यंत्राकडून रडणारी आई क्षणात काढवून घेता येते. परंतु ज्या वर्गात खऱ्या आया फोनवर शेळीची चौकशी करीत आहेत, तेथे ती रडणारी आई कोणाची, हा प्रश्न यंत्र विचारणार नाही. तो तुम्हीच विचारावयाचा आहे.

७. पालकांस दोन शब्द

मुलांनी भावुक जाहिराती पाहूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. चांगली जाहिरात ही एका मिनिटातील कथा असते, आणि तिच्यापासून थोडक्यात सांगण्याची कला शिकता येते. जाहिरातींवर देखरेख करणारी एएससीआय ही व्यवसायाचीच स्वयंनियमन संस्था १९८५ पासून आपल्या देशात आहे. आणि जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जे नियम लागू केले त्यांत मुलांच्या अननुभवाचा व भोळेपणाचा गैरफायदा घेऊ नये, तसेच ‘आईवडिलांकडे हट्ट धरा’ असे मुलांस थेट सुचवू नये, असे सांगितले आहे. परंतु नियम घरातील पडद्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे आपणच बसलेले असतो.

म्हणून एवढेच करावे. जाहिरात पाहून मुलाचे डोळे भरले तर त्याला हसू नये. ‘तुला कोणाची आठवण आली?’ असे विचारावे. त्याने आजोबांचे नाव घेतले तर आजोबांस फोन लावून द्यावा. जे प्रेम जाहिरातीने जागे केले ते दुकानाकडे न जाता आपल्या माणसाकडे गेले, तर त्या मिनिटाचे सार्थक झाले. नाताळची मूळ गोष्ट तरी काय आहे? परगावी आलेले एक जोडपे, उतरावयास जागा नाही, आणि गोठ्यात निजविलेले बाळ. ती ऐकून कोणी काही विकत घ्यावे असे तीत कोठेही सुचविलेले नाही. दार उघडावे, एवढेच सुचविले आहे.

आमची जाहिरात एका शिक्षकाच्या मोबाइलवर चित्रित झाली. चित्रण काही ठिकाणी हलले आहे, व सातव्या चौकटीत मध्येच कुत्रे भुंकते. ती पालकांच्या मोबाइलवर पाठविली. २४ तारखेस पंगतीला अपेक्षेपेक्षा अधिक मंडळी आली, भाकरी दोनदा थापाव्या लागल्या. ती मुलगी आपल्या आजीला घेऊन आली होती. जेवता जेवता तिचा फोन वाजला. ती काय बोलली हे मी ऐकले नाही, व ऐकावयास गेलोही नाही.

अभ्यास

१. आपण पाहिलेल्या एका सणाच्या जाहिरातीतील आलंबन, उद्दीपन व अनुभाव ओळखून लिहा.
२. त्याच जाहिरातीस वरील चार प्रश्न विचारा. कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही? का?
३. आपल्या गावातील खरोखर होणाऱ्या एखाद्या कार्यक्रमासाठी बारा चौकटींची जाहिरात योजा. गाणे अथवा वाद्य न वापरता केवळ तीन नेहमीचे आवाज वापरा.
४. आपल्या योजनेत कोणाचे खरे दुःख आले असेल तर त्या व्यक्तीस प्रथम विचारा, आणि ती ‘नको’ म्हणाली तर योजना बदला. काय बदलले ते लिहा.